जुनाट दुखणं, त्यावरच्या गोळ्या आणि नैराश्य: गुंता कुठून सोडवायचा?

मज्जारज्जू (धागाकर्ता)

तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं किंवा पुन्हा पुन्हा उलटणारं दुखणं म्हणजे जुनाट दुखणं, ही वैद्यकातली ठरलेली व्याख्या. असं दुखणं असलेल्या माणसाला दोन वाक्यं हमखास ऐकावी लागतात. "रिपोर्टमध्ये काही नाही, म्हणजे मनाचंच आहे" हे पहिलं. "एकदा दुखणं थांबलं की मन आपोआप ठीक होईल" हे दुसरं. दोन्ही चुकीची आहेत आणि दोन्हींमुळे उपचार लांबतात, म्हणून हा धागा काढतोय.

इजेचा संदेश मेंदूत सरळ जात नाही. वाटेत मज्जारज्जूत त्याला एक फाटक लागतं. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली ही कल्पना मांडली. पुढे तपशील बरेच बदलले, पण गाभा टिकला: फाटक किती उघडायचं हे मेंदू वरून ठरवतो. मेंदूच्या देठातून खाली उतरणाऱ्या तंतूंचं हे काम मुख्यतः सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनलिन या रसायनांवर चालतं, आणि नैराश्यावरची बरीचशी औषधं याच दोघांवर काम करतात. त्यात दुखण्याने झोप मोडते, हालचाल घटते, माणसं भेटेनाशी होतात. याने वेदनाही वाढते आणि मनही खचतं.

वेदनेची आंतरराष्ट्रीय व्याख्या २०२० साली सुधारली, तेव्हाही "संवेदनेचा आणि भावनेचा अनुभव" हे शब्द कायम ठेवले. भावना ही वेदनेला मागाहून चिकटलेली गोष्ट नाही, ती वेदनेचाच भाग आहे.

माझं म्हणणं एवढंच की "आधी काय झालं" या वादात महिने घालवू नयेत. दोन्हींवर एकदम काम सुरू करावं आणि दोन्हींची औषधं एकाच कागदावर असावीत. ज्यांना औषधं, व्यायाम, मानसोपचार यातलं नीट ठाऊक आहे त्यांनी तपशिलात लिहावं.

---

निळी_शाई

चांगला धागा. एक दुरुस्ती सुचवते. नैराश्य म्हणजे सेरोटोनिन कमी पडणं, असा अर्थ कुणी काढू नये. ते इतकं सरळ नाही. औषध सेरोटोनिनवर काम करतं म्हणजे आजार त्याच्या कमतरतेचा, असं सिद्ध होत नाही. डोकं दुखताना पॅरासिटामॉलने बरं वाटतं, पण डोकेदुखी काही पॅरासिटामॉलच्या अभावाने होत नाही.

आता ओळखायचं कसं ते. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी सगळीकडे वापरतात. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा जास्त आले तर नीट तपासणी हवी. अडचण अशी की झोप, थकवा, भूक, एकाग्रता आणि हालचाल मंदावणं हे पाच प्रश्न नुसत्या दुखण्यानेही वर जातात. प्रीगॅबालिन किंवा ट्रामाडॉल ही वेदनेवरची औषधं चालू असतील तर थकवा आणि एकाग्रता आणखीच वर. त्यामुळे दोन्ही बाजूंनी चुका होतात. कधी नुसत्या दुखण्याला नैराश्याचं लेबल लागतं. त्याहून जास्त वेळा खरं नैराश्य "दुखण्यामुळे होणारच" म्हणून सोडून दिलं जातं.

म्हणून एकूण बेरजेपेक्षा चार प्रश्न वेगळे काढून बघावेत. कशातच रस न वाटणं, मन उदास किंवा हताश असणं, आपण नालायक आहोत किंवा घरच्यांना ओझं आहोत असं वाटणं आणि मरणाचे विचार. नुसतं दुखणं या भावना तयार करत नाही. जिना चढता येत नाही म्हणून मित्राकडे न जाणं हे दुखणं. मित्र घरी आला तरी त्याच्याशी बोलावंसं न वाटणं, तेही दुखणं कमी असलेल्या दिवशी, याकडे लक्ष द्यावं.

नवव्या, म्हणजे मरणाच्या विचारांच्या, प्रश्नाला शून्याहून जास्त गुण आले तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी बोलायला हवं.

---

औषधपेटी

औषधांची बाजू मी घेतो. यातल्या अर्ध्या अडचणी दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या एकमेकांना ठाऊक नसल्यामुळे होतात.

दाहशामक वेदनाशामकं, म्हणजे आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन वगैरे. यांच्या जोडीला सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन, एस्सिटालोप्राम या नैराश्यावरच्या औषधांपैकी काही चालू असेल तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका एकेकट्या औषधापेक्षा जास्त. कारण रक्त गोठवणाऱ्या बिंबिका सेरोटोनिन साठवून वापरतात आणि ही औषधं तो साठा रिकामा करतात, तर वेदनाशामक जठराचं अस्तर कमजोर करतं. दोन्ही लागणारच असतील तर आम्ल कमी करणारी गोळी सोबत हवी का हे डॉक्टरांना विचारावं. वय ६५ च्या पुढे, आधी अल्सर झालेला किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर नक्कीच विचारावं. डांबरासारखी काळी शौच झाली तर वाट बघू नये.

पॅरासिटामॉल. निरोगी प्रौढाला २४ तासांत जास्तीत जास्त ४ ग्रॅम. वजन कमी, यकृत नाजूक किंवा दारूची सवय असेल तर मर्यादा त्याहून खाली. घोटाळा होतो जोडगोळ्यांत. ट्रामाडॉलच्या प्रचलित जोडगोळीत ३७.५ मि.ग्रॅ. ट्रामाडॉल आणि ३२५ मि.ग्रॅ. पॅरासिटामॉल असतं. सर्दीच्या गोळीतही असतं, डोकेदुखीच्या गोळीतही. पाकिटावरचं मोठ्या अक्षरातलं नाव सोडा, मागचे घटक वाचा.

गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन. मज्जातंतूंच्या दुखण्यावर उपयोगी: जळजळ, मुंग्या, विजेसारखी सणक. साध्या कंबरदुखीवर फारसा फायदा दिसलेला नाही, तरी सर्रास दिली जातात. चक्कर, सुस्ती, पायावर सूज, वजन वाढणं हे नेहमीचे त्रास. यांच्यासह फिटवरच्या औषधांच्या सगळ्या गटासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली आत्महत्येच्या विचारांबद्दल इशारा दिला होता. धोका थोड्यांनाच असतो, पण औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर मन अचानक काळवंडलं तर "दुखण्यामुळे असेल" म्हणून गप्प बसू नये. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी करावाच लागतो, कारण ही औषधं तिथूनच बाहेर पडतात. आणि कधीही एकदम बंद करायची नाहीत.

झोपेच्या गोळ्या. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गटाची गोळी ओपिऑइडसोबत (ट्रामाडॉल, कोडीन, मॉर्फिन अशी अफूसारखं काम करणारी वेदनाशामकं) घेतली तर श्वास मंदावू शकतो. २०१६ साली अमेरिकेत दोन्ही गटांच्या माहितीपत्रकात चौकटीतला इशारा घातला गेला तो यासाठीच. प्रीगॅबालिन किंवा दारू यात मिसळली की धोका आणखी वाढतो.

---

चौथा_मजला

औषधपेटी, ट्रामाडॉल आणि नैराश्याची गोळी एकत्र चालत नाहीत असं नेहमी वाचनात येतं. हाडांच्या डॉक्टरांनी एक आणि मानसोपचारतज्ज्ञांनी दुसरी दिली असेल तर नेमकं काय होतं? आणि मग एक लगेच थांबवावी का?

---

औषधपेटी

दोन वेगवेगळ्या गोष्टी होतात आणि लोक त्या एक समजतात.

पहिली: ट्रामाडॉल नुसतं ओपिऑइड नाही, ते सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनलिनही वाढवतं. नैराश्याच्या गोळीसोबत सेरोटोनिन जास्त झालं तर घाम, थरथर, जुलाब, अस्वस्थता, छातीत धडधड आणि पायांचे स्नायू आपोआप उडणं असं दिसतं. डोस वाढवल्यावर किंवा नवी गोळी जोडल्यावर बहुधा पहिल्या २४ तासांत. ताप चढला, अंग ताठलं किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला तर थेट रुग्णालय. शिवाय ट्रामाडॉलने फिट येऊ शकते आणि या जोडीने ती शक्यता वाढते.

दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. ट्रामाडॉलचं वेदनाशामक काम मुख्यतः यकृतात तयार होणाऱ्या त्याच्या रूपांतरातून होतं. ते रूपांतर करणारं विकर (एन्झाइम) पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन जोरात अडवतात, ड्युलोक्सेटिन मध्यम. मग दुखणं थांबत नाही, माणूस आणखी एक गोळी घेतो, आणि सेरोटोनिनचा भार मात्र वाढत जातो. कोडीनचंही तसंच, तेही याच विकरावर अवलंबून. नैराश्याची गोळी सुरू झाल्यापासून जुनं वेदनाशामक निकामी वाटत असेल तर ही शक्यता आधी तपासावी.

लगेच थांबवावी का? वर लिहिलेली लक्षणं नसतील तर स्वतःहून काहीच थांबवू नये. दोन्ही अचानक सोडल्यास त्रास देणारी औषधं आहेत. त्याच आठवड्यात दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवा. ही जोडी कमी डोसात लक्ष ठेवून दिलीही जाते. न कळता दिली गेली असेल तर मात्र प्रश्न आहे.

---

मज्जारज्जू

ओपिऑइड आणि मनाचं नातं जरा सविस्तर लिहितो, कारण इथे सुरुवात फसवी असते. पहिले काही दिवस वेदना आणि उदासी दोन्ही हलकी होतात. ज्याचं मन आधीच खचलेलं आहे त्याला हा दिलासा जास्त जाणवतो, म्हणून नैराश्य असलेल्यांत ही औषधं लांबण्याची शक्यताही जास्त. पुढे शरीर सरावतं आणि तेवढाच परिणाम मिळवायला डोस वाढवावा लागतो. काहींमध्ये उलटं घडतं: औषधानेच वेदनेची संवेदना तीव्र होते, दुखण्याची जागा पसरते आणि डोस वाढवला की दुखणं आणखी वाढतं. काही महिन्यांच्या वापराने टेस्टोस्टेरॉन उतरतं, झोपेत श्वास अडतो, बद्धकोष्ठ कायमचं होतं. थकवा, कामेच्छा जाणं, कशात रस नसणं यातलं किती नैराश्याचं आणि किती औषधाचं, हे मग कळेनासं होतं. सलग महिनाभराहून जास्त वापर झालेल्यांत नव्याने नैराश्य येण्याचं प्रमाण वाढतं, असं मोठ्या नोंदींच्या अभ्यासांत दिसलंय.

फायदा तरी किती? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या स्पेस चाचणीत कंबरदुखी आणि गुडघा-खुब्याच्या झिजेचे २४० रुग्ण होते. १२ महिन्यांनी रोजची कामं करण्याच्या क्षमतेत ओपिऑइड घेणारे इतर औषधं घेणाऱ्यांपेक्षा पुढे नव्हते. कर्करोगाचं दुखणं आणि शेवटच्या आजारातलं दुखणं हा वेगळा विषय, तिथे ही औषधं हवीतच.

पण हे वाचून कुणी उद्यापासून गोळी टाकून देऊ नये. अचानक बंद केल्याने वेदना उसळते आणि आत्महत्येचे विचारही येऊ शकतात. याबद्दल २०१९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्वतंत्र इशारा दिला. वर्षाहून जास्त काळ घेणाऱ्यांसाठी महिन्याला साधारण १० टक्के किंवा त्याहून सावकाश कपात, असं तिथलं २०२२ चं मार्गदर्शन आहे. गाडी अडते ती आकड्यांवर. दिवसाला ट्रामाडॉलच्या ५० मि.ग्रॅ.च्या चार कॅप्सूल घेणाऱ्याने एक कमी केली की कपात थेट २५ टक्के होते. म्हणून थेंब किंवा लहान ताकदीची गोळी मिळते का हे आधी बघावं. त्रास झाला तर त्याच पायरीवर थांबावं. घेतलेली पायरी शक्यतो परत चढू नये.

---

सावली

दुखणं आणि नैराश्य दोन्हींवर एकच गोळी पुरते असं म्हणतात. ड्युलोक्सेटिन की अमिट्रिप्टिलिन?

---

औषधपेटी

दोन्हींसाठी एकच हवी असेल तर ड्युलोक्सेटिन. अमिट्रिप्टिलिनबाबत मोठा गैरसमज आहे: वेदनेसाठी ते रात्री १० मि.ग्रॅ.पासून सुरू करतात आणि बहुतेकांचं २५ ते ५० वर भागतं. नैराश्यासाठी साधारण ७५ ते १५० लागतात. म्हणजे वेदनेसाठी २५ घेणाऱ्याच्या नैराश्यावर उपचार चालूच नसतो, तरी कागदावर "अँटीडिप्रेसंट चालू आहे" असं दिसतं आणि पुढचा डॉक्टर निश्चिंत होतो. मोठ्या डोसात तोंड कोरडं पडणं, लघवी अडणं, हृदयाची लय बिघडणं हे सगळं वाढतं. साठवून एकदम घेतल्यास ते जिवावर बेततं, म्हणून जिथे आत्महत्येचा धोका असेल तिथे फार जपून.

ड्युलोक्सेटिन सहसा ३० मि.ग्रॅ. एक आठवडा, मग ६०. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात जुनाट वेदनेसाठी सर्वांत भरवशाचा पुरावा याचाच निघाला, आणि ६० च्या वरच्या डोसाने जास्त फायदा दिसला नाही. मळमळ पहिल्या एक-दोन आठवड्यांत असते. जेवणानंतर घेतलं की सुसह्य होते. मळमळीमुळे दहाव्या दिवशी सोडून देणारे फार, आणि मग "लागू पडलं नाही" अशी नोंद होते. लागू पडतंय की नाही हे ठरवायला पूर्ण डोसावर चार ते सहा आठवडे द्यावे लागतात. यकृताचा आजार, रोजची दारू, मूत्रपिंड खूपच कमजोर किंवा अरुंद कोनाचा काचबिंदू असेल तर हे औषध नको. रक्तदाब मधूनमधून मोजावा.

सुरू करण्याआधी एक प्रश्न डॉक्टरांनी विचारायलाच हवा, नाही विचारला तर आपण सांगावं: पूर्वी कधी झोप न लागता अफाट उत्साह, सुसाट विचार, बेफाम खर्च असे दिवस आले होते का? असतील तर ही औषधं मनाला दुसऱ्या टोकाला नेऊ शकतात.

---

निळी_शाई

यात भर घालते. पहिले दोन आठवडे घरच्यांनी लक्ष ठेवावं, विशेषतः वय २५ च्या आत असेल तर. बेचैनी वाढणं, झोप उडणं, मरणाचे विचार नव्याने येणं यांपैकी काही दिसलं तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करावा.

आणि घरातला गोळ्यांचा साठा. जुनाट दुखणं असलेल्या घरात उरलेल्या स्ट्रिपा साठत जातात. मनात वाईट विचार असतील त्या काळात सात दिवसांपुरतीच औषधं हाताशी असावीत, बाकी दुसऱ्या कुणाच्या ताब्यात किंवा कुलपात. बंद झालेली औषधं दुकानात परत घेत असतील तर तिथे द्यावीत. साधा उपाय आहे, पण विचाराची लाट बऱ्याचदा थोड्या वेळाची असते आणि त्या वेळात गोळ्या हाताशी नसणं जीव वाचवतं. कुणी "आता मी गेलेलंच बरं" म्हणालं तर "असं बोलू नकोस" म्हणून विषय बदलू नका. "जीव द्यायचे विचार येतायत का?" असं स्पष्ट विचारा. विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही. हो म्हणाले तर एकटं सोडू नका आणि त्याच वेळी आपत्कालीन सेवा किंवा हेल्पलाइनला फोन लावा.

---

पाऊलवाट

व्यायामाचं लिहितो. "चालत राहा" हा सल्ला बहुतेकांना मारक ठरतो, कारण प्रमाण कुणी सांगत नाही. मग बऱ्या दिवशी राहिलेली सगळी कामं उरकायची आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात. असं चार वेळा झालं की हालचालीचीच भीती बसते, आणि "आपल्याच्याने काही होणार नाही" ही खात्री पक्की होते. त्या खात्रीचं आणि नैराश्याचं सख्य जुनं.

हिशोब असा करायचा. दुखणं नेहमीपेक्षा वाढायला लागेपर्यंत किती मिनिटं चालता येतं हे एक बरा, एक वाईट आणि एक मधला दिवस धरून मोजा. समजा १२, ७ आणि ११. सरासरी १०. त्याचे ८० टक्के म्हणजे ८ मिनिटं. आता रोज आठच मिनिटं, घड्याळ लावून. वाईट दिवशी आठ, बऱ्या दिवशीही आठच. बऱ्या दिवशी थांबणं सगळ्यांत अवघड जातं, आणि तिथेच हे फसतं. आठवडाभर जमलं की एक मिनिट वाढवा. दुखणं उसळलं तर पूर्ण बंद करू नका, दोन दिवस निम्म्यावर या आणि परत आठावर जा. बसणं, उभं राहणं, टायपिंग, भांडी, सगळ्याला हाच हिशोब लागू.

लघवी-शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा, पायातली ताकद घटत जाणं, ताप किंवा कारण नसताना वजन उतरणं यांपैकी काही असेल तर आधी तपासणी, हा हिशोब नंतर.

---

चौथा_मजला

डोकेदुखीवाल्यांसाठीही हेच लागू का? तिथे तर गोळी रोजचीच होऊन बसते.

---

मज्जारज्जू

तिथे गोळीच दुखणं बनते. साधी वेदनाशामकं महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान (मायग्रेनवरची औषधं), ओपिऑइड किंवा जोडगोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर औषधाच्या अतिवापराची डोकेदुखी धरतात. गोळ्या किती हे मोजू नका, दिवस मोजा. एका दिवशी तीन घेतल्या तरी तो एकच दिवस. कॅलेंडरवर फुली मारणं पुरतं. सोडताना पहिले दोन ते दहा दिवस डोकं जास्त दुखतं, आणि तेव्हाच मनही सर्वांत खाली असतं. म्हणून प्रतिबंधक औषध सुरू करून आणि सोबतीला कुणी असताना सोडावं. ओपिऑइड किंवा झोपेच्या गोळ्या त्यात असतील तर डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

डॉक्टरांकडे नेण्याच्या कागदाबद्दल. शून्य ते दहा वेदना किती, एवढाच आकडा नेला की डोस वाढतो आणि माणूस तिथेच राहतो. तीन आकडे न्यावेत, प्रत्येक ० ते १०, गेल्या आठवड्याचे: सरासरी वेदना किती, वेदनेने जगण्यातला आनंद किती हिरावला, रोजच्या कामात किती अडथळा आला. तिन्हींची सरासरी काढा. ती ३० टक्के उतरली तर उपचाराला अर्थ आहे, म्हणजे ७ वरून ५ च्या आत. मागच्या बाजूला चालू असलेली सगळी औषधं, डोस, सुरू केल्याची तारीख आणि कुणी दिलं ते. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासलं नसेल तर विचारा. थकवा आणि उदासी तिथूनही येते, आणि मधुमेहावरचं मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ उतरू शकतं.

दोन्हींवर उपचार केल्याने फरक पडतो का, तर २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सांधे-स्नायूंची वेदना आणि नैराश्य दोन्ही असलेले २५० रुग्ण होते. निम्म्यांना आधी १२ आठवडे नैराश्याचं औषध नीट बसवून दिलं, मग वेदना सांभाळण्याची सहा सत्रं. नेहमीचा उपचार घेणाऱ्यांपेक्षा त्यांचं नैराश्य बरंच उतरलं आणि वेदनाही कमी झाली.

---

सावली

शेवटची शंका. बरं वाटायला लागल्यावर ड्युलोक्सेटिन कमी करताना कॅप्सूल उघडून निम्मे दाणे घेतले तर चालतात का? आणि बंद केल्यावर होणारा त्रास औषध सुटल्याचा की नैराश्य परतल्याचा, हे कसं ओळखायचं?

---

औषधपेटी

कॅप्सूल स्वतःहून उघडू नका. दाण्यांवरचं आवरण जठरातल्या आम्लापासून औषध वाचवतं. ते चुरडलं गेलं तर औषध आतड्यात पोचण्याआधीच खराब होतं. ६० वरून ३० वर या, तिथे निदान दोन ते चार आठवडे थांबा, मिळत असेल तर २० वर. अनेक महिने घेतलं असेल तर त्याहून सावकाश. एक दिवसाआड घेण्याची युक्ती टाळा. हे औषध शरीरात सुमारे १२ तासांत निम्मं होतं, त्यामुळे दिवसाआड घेणं म्हणजे दर दुसऱ्या दिवशी अर्धवट बंद करणं.

ओळखायला तारखा मदत करतात. डोस कमी केल्यावर एक ते तीन दिवसांत चक्कर, मळमळ, डोळे हलवले की डोक्यात वीज सरकल्यासारखं होणं, भडक स्वप्नं, चिडचिड असं आलं आणि आधीचा डोस घेतल्यावर दोन-तीन दिवसांत गेलं, तर तो औषध सुटल्याचा त्रास. रस जाणं, पहाटे जाग येणं, निराशा हे काही आठवड्यांनी हळूहळू चढत आलं तर नैराश्य परततंय असं धरा. दुखणंही परत येऊ शकतं, म्हणून वरचे तीन आकडे डोस कमी करण्याच्या आधीच्या आठवड्यापासून लिहायला लागा.